स्टेरॉइड चालू असताना सकाळची फास्टिंग बघून निश्चिंत होऊ नका (इंदूर, कोविड आणि शुगर)

रामबाग_मेडिकल | ११ मे २०२१, रात्री ११:१०

माझं मेडिकल रामबागेच्या बाजूला आहे. सध्या शटर पाडून घरी आलं की फोन सुरू होतात आणि प्रश्न फिरून तोच: "दादा, सकाळची शुगर तर ११८ आहे, मग डॉक्टर इन्सुलिन का लिहून राहिलेत?" एकेकाला सांगून घसा बसला, म्हणून इथे धागा काढतो. मी डॉक्टर नाही, चिठ्ठी वाचून औषध देणारा माणूस आहे. डोस कुणीही विचारू नये, मी सांगणार नाही.

सध्या दर दुसऱ्या चिठ्ठीवर स्टेरॉइड आहे. डेक्सामेथासोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन. गेल्या वर्षी जूनमध्ये इंग्लंडच्या रिकव्हरी चाचणीचा (कोविडवरच्या औषधांची मोठी चाचणी) निकाल आला तेव्हापासून हे सुरू झालं. दिवसाला ६ मिग्रॅ डेक्सा, जास्तीत जास्त १० दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवर असलेल्यांचे एक पंचमांशाने कमी झाले. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना फायदा दिसला नाही. हे शेवटचं वाक्य आपल्याकडे कुणी वाचलेलं दिसत नाही. ताप आला की तिसऱ्या दिवशी काउंटरवर येऊन "ते डेक्सा द्या" म्हणतात. एम्सचे डॉ. गुलेरियाही याच महिन्यात हेच बोलले की सुरुवातीला, सौम्य आजारात स्टेरॉइड घेऊ नका.

तर स्टेरॉइड शुगरचं काय करतं? यकृत जास्त साखर तयार करायला लागतं आणि स्नायू ती उचलत नाहीत. त्यात मूळ आजाराची सूज आणि ताण आहेच. सकाळी नाश्त्यानंतर मिथाइलप्रेड किंवा प्रेडनिसोलोन घेतलं की त्याचा जोर दुपारपासून रात्रीपर्यंत असतो आणि पहाटेपर्यंत ओसरतो. म्हणून फास्टिंग ११५ येते आणि संध्याकाळी पाच वाजता त्याच माणसाची ३५० निघते. घरचे फक्त सकाळी बोट टोचतात आणि व्हॉट्सअपवर "शुगर कंट्रोलमध्ये" असं टाकतात. डेक्साचा अंमल दीड दिवसाहून जास्त टिकतो, त्याच्यावर असाल तर सकाळचीही वर जाते. पण तिथेही जेवणानंतरचे आकडेच जास्त भडकतात.

डॉक्टरांनी वेळा सांगितल्या असतील तर त्याच पाळा. नसतील तर विचारा. आणि घरात पट्ट्या मोजक्याच उरल्या असतील तर सकाळची वगळा, दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी बघा.

---

सुदामानगरची_सून | १२ मे, सकाळी ७:२५

दादा, अगदी वेळेवर धागा. सासरे घरीच आहेत, ऑक्सिजन ९३-९४ वर अडकलं होतं म्हणून डॉक्टरांनी परवापासून मिथाइलप्रेड सुरू केलं. बारा वर्षांची शुगर, गोळ्यांवर. सकाळी १२६. तुमचं वाचून रात्रीच बघितली तर मीटरवर ४१२. हात धुऊन पुन्हा बघितली, ३९८. डॉक्टरांना फोटो पाठवलाय. पण सासूबाई म्हणतात इन्सुलिन सुरू करू नका, एकदा लागलं की सुटत नाही.

---

पोहेजिलेबी | १२ मे, सकाळी ८:०२

+१. आमच्या बिल्डिंगमध्ये तर काढ्यात गूळ, हळदीच्या दुधात साखर, वर मोसंबीचा ज्यूस आणि नारळपाणी, असं चौफेर चाललंय. "ताकद आली पाहिजे ना भिया!"

---

निवृत्त_फिजिशियन | १२ मे, सकाळी ९:४०

मेडिकलवाल्यांनी चांगलं लिहिलंय. थोडी भर.

सूनबाई, सासूबाईंना सांगा की इन्सुलिन सुटतं. स्टेरॉइडमुळे वाढलेली शुगर ही बहुतेक वेळा स्टेरॉइडबरोबरच उतरते, आणि तेव्हा इन्सुलिनही उतरवावं लागतं. न उतरवलं तर धोका उलटा होतो, त्याबद्दल खाली लिहितो. ज्यांना इन्सुलिन "कायमचं लागलं" असं दिसतं, त्यांच्या शरीराला ते आधीपासूनच हवं होतं, आपण वर्षानुवर्षं टाळत होतो. ३९८ वर गोळी वाढवून भागत नाही. तुमच्या डॉक्टरांचा फोन लागला नाही तर दुसऱ्या कुणाचा लावा, पण आजच.

दुसरी भीती याच्या उलट दिशेची आहे. शुगर वाढली म्हणून काही लोक स्टेरॉइड परस्पर बंद करतात. ऑक्सिजन कमी असलेल्या माणसाला ते औषध जीव वाचवण्यासाठी दिलेलं असतं. शुगर सांभाळण्याचा बंदोबस्त वेगळा करायचा, औषध काढून नाही.

हॉस्पिटलात दाखल रुग्णाची शुगर १४० ते १८० मध्ये ठेवण्याचा प्रयत्न असतो. ९०-१०० वर आणण्याचा अट्टाहास तिथे कुणी करत नाही, कारण आजारी माणसाची शुगर खाली कोसळणं हे वर जाण्याइतकंच वाईट.

आता गोळ्या. यातली एकही परस्पर बंद किंवा सुरू करू नका, पण डॉक्टरांना फोन करताना आपण कुठल्या गोळ्या घेतो ते पाकिटावरून वाचून सांगा.

मेटफॉर्मिन सौम्य आजारात, माणूस खातपीत असेल तर चालू शकते. ऑक्सिजन घसरला, उलट्या-जुलाब झाले, लघवी कमी झाली तर थांबवतात, कारण रक्तात लॅक्टिक आम्ल साठण्याची भीती असते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या जेवण झालं नाही तरी शुगर पाडत राहतात. आणि ज्यांच्या नावाच्या शेवटी "ग्लिफ्लोझिन" येतं त्यांच्याबद्दल सगळ्यात सावध राहा. या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. आजारपणात जेवण कमी, पाणी कमी आणि ही गोळी चालू, असं झालं तर शुगर २०० च्या आतबाहेर असूनही रक्तात कीटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळतं तेव्हा तयार होणारे पदार्थ) साठून आम्ल वाढू शकतं. आकडा साधा, माणूस गंभीर. ताप येऊन खाणं तुटलं की ही गोळी थांबवायची का, हे पहिल्याच दिवशी विचारा.

इन्सुलिनवाले रुग्ण "आज जेवलोच नाही" म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करतात. तेही चुकीचं. डोस बदलेल, पण बंद नाही. टाइप १ वाल्यांनी तर कधीच नाही.

---

रामबाग_मेडिकल | १२ मे, दुपारी ३:१५

डॉक्टरसाहेब, ग्लिफ्लोझिनचं बरं सांगितलंत. गेल्या ऑक्टोबरमध्ये डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं, आणि तेव्हापासून इतक्या कंपन्यांनी ती काढली की कप्पा पुरत नाही. स्वस्त झाल्यामुळे भरपूर लोक आता तिच्यावर आहेत. बऱ्याचदा ती मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत असते, त्यामुळे आपण ती घेतो हे रुग्णाला माहीतही नसतं. पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा.

---

आजोबा_७६ | १२ मे, दुपारी ४:५०

एवढं सगळं कशाला? रोज सकाळी कारल्याचा रस आणि भिजवलेली मेथी. माझी शुगर तीस वर्षं काबूत आहे.

---

लॅबवाली | १२ मे, संध्याकाळी ६:३०

आजोबा, कारलं नेहमीच्या दिवसांत घ्याच. पण स्टेरॉइडने चारशेवर नेलेली शुगर कारल्याच्या हातची नाही. आणि ताप-जुलाबात उपाशीपोटी कडू रस पिऊन उलटी झाली तर पंचाईत.

मी लॅबमध्ये आहे म्हणून मीटरबद्दल दोन शब्द. चांगल्या मीटरलाही १०० च्या वर १५ टक्के इकडेतिकडे चालतं. म्हणजे २०० आणि २२५ मध्ये वाद घालू नका. पण सध्या आंब्याचे दिवस आहेत. आंबा चिरून तसंच बोट टोचलं तर मीटर आंब्याची साखर मोजतं. सॅनिटायझर लावलेलं ओलं बोटही नको. साबण-पाण्याने धुवा, कोरडं करा, मग टोचा. बोट गार पडलं असेल, बीपी खाली असेल तर बोटाचा आकडा फसवतो, अशा वेळी शिरेतून रक्त तपासलेलं बरं.

आणखी एक, जे फार कमी लोकांना माहीत आहे. काही ठिकाणी व्हिटॅमिन सी सलाइनमधून मोठ्या डोसने देतात. काही मीटर त्यालाच साखर समजून खोटा जास्त आकडा दाखवतात. त्या आकड्यावर इन्सुलिन दिलं तर काय होईल ते सांगायला नको. दंडावर चिकटवायचे सेन्सर वापरणाऱ्यांनीही सी च्या गोळ्यांबद्दल त्याच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचावं. रोजच्या ५०० मिग्रॅच्या पुढे गेलं तर त्यातल्या काहींचा आकडा सरकतो.

ज्यांना शुगर नव्हतीच आणि कोविडमध्ये अचानक निघाली, त्यांनी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) करून घ्या. ६.५ किंवा वर आलं तर शुगर बहुधा आधीपासून होती, कळली आत्ता. कमी आलं तर स्टेरॉइडचा आणि आजाराचा खेळ असण्याची शक्यता जास्त. आमच्याकडे रोज असे लोक येतात की ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदा शुगर तपासलीय.

---

सुदामानगरची_सून | १३ मे, रात्री ९:००

इन्सुलिन सुरू झालं. आज संध्याकाळी २४६. डॉक्टर म्हणाले, उद्या अजून बदलू. टोचायला मी शिकले, सासूबाई दुसऱ्या खोलीत जाऊन बसल्या होत्या.

खायला काय देऊ? त्यांना सकाळी पोहेच लागतात, वर शेव आणि जीरावन. मदत म्हणून डबा येतो त्यात पोळ्या, बटाट्याची भाजी, भात आणि एक गोड.

---

निवृत्त_फिजिशियन | १३ मे, रात्री १०:१०

गोड डब्यातून काढून टाका, ज्यूस आणि गुळाचा काढा बंद. नारळपाणी रोज नको. बाकी उपाशी ठेवू नका. पिष्टमय अजिबात बंद करून कीटोन ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

पोहे द्या, पण वाटीभर, त्यात मटार आणि शेंगदाणे घाला, बरोबर एक उकडलेलं अंडं किंवा वाटीभर दही. शेवेपेक्षा ते बरं. मुगाचं धिरडं, घट्ट वरण, पिठलं, मोडाची उसळ, पनीर, ताक हे सगळं चालेल. चव गेलीय त्यामुळे ताकात जिरं-मीठ घालून द्या, ते जातं. एकदम भरल्या ताटापेक्षा थोडं थोडं चार-पाच वेळा. किडनीचा त्रास असेल तर मात्र प्रथिनं आणि नारळपाणी दोन्ही विचारून.

---

दांडियाबाजार_बडोदा | १४ मे, दुपारी १२:२०

मी बडोद्याचा, पण विषय सगळीकडे सारखाच. एक घडलेली गोष्ट. आमच्या नात्यातल्या एका काकांना घरी इन्सुलिन सुरू केलं. एका दुकानातून व्हायल आणली, सिरिंज दुसऱ्या दुकानातून. तीन दिवस शुगर हलेना, डॉक्टर डोस वाढवत गेले. मग एका नर्सताईंनी सिरिंज बघितली. व्हायल ४० ची, सिरिंज १०० ची.

---

रामबाग_मेडिकल | १४ मे, दुपारी २:०५

हा मुद्दा मोठ्या अक्षरात लिहायला हवा. आपल्याकडे काचेची व्हायल बहुतेक ४० ची येते, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट. पेनमधलं इन्सुलिन १०० चं. ४० साठी लाल टोपीची सिरिंज, १०० साठी नारिंगी. ४० च्या व्हायलमधून नारिंगी सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत भरलं तर अंगात फक्त ८ युनिट जातात. उलट झालं, म्हणजे १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजने २० पर्यंत भरलं, तर ५० युनिट जातील. पहिल्यात शुगर उतरत नाही, दुसऱ्यात माणूस बेशुद्ध पडतो. त्यामुळे पेनच्या काडतुसातून सिरिंजने कधीही ओढू नका, आणि दुकानात व्हायल दाखवून सिरिंज मागा. दुकानदार घाईत असेल तरी टोपीचा रंग तुम्ही बघा.

काकांची सिरिंज बदलल्यावर वाढवलेला डोस तसाच ठेवला नसेल अशी आशा आहे.

---

दांडियाबाजार_बडोदा | १४ मे, दुपारी २:४०

नाही नाही, नर्सताईंनी डॉक्टरांशी बोलून आधी कमी करून घेतला, मगच लाल टोपी. काका ठणठणीत.

---

लोकमान्यनगर_ताई | १६ मे, सकाळी ११:१५

उन्हाचं काय? आमच्याकडे चार-चार तास लाइट जाते. इन्सुलिन फ्रिजमध्ये आहे पण फ्रिजच बंद.

---

रामबाग_मेडिकल | १६ मे, दुपारी १:३०

चार तास फ्रिज बंद राहिला तर घाबरू नका ताई, फक्त दार उघडू नका. न फोडलेली व्हायल फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात अजिबात नको. गोठलेलं इन्सुलिन वितळवून वापरता येत नाही. चालू असलेली व्हायल साधारण चार आठवडे बाहेर चालते, पण तापमान २५-३० च्या आत हवं, आणि इंदूरच्या मे महिन्यात खोली तेवढी गार नसते. फ्रिज नसेल तर मातीच्या माठाची जुनी युक्ती चांगली आहे: पाणी भरलेल्या माठात कोरडी डबी, डबीत व्हायल. पाणी आत जाऊ देऊ नका. गाडीच्या डिकीत ठेवून कोणी आणू नये, हे सांगायची गरज पडते, म्हणून सांगतो.

---

पोहेजिलेबी | २२ मे, रात्री १०:४५

आता तो काळ्या बुरशीचा विषय आलाय. एमवाय हॉस्पिटलमध्ये म्युकरचे (तीच काळी बुरशी) वेगळे वॉर्ड भरलेत. परवा, २० तारखेला केंद्राने राज्यांना साथरोग कायद्याखाली त्याची नोंद सक्तीची करायला सांगितलं. व्हॉट्सअपवर म्हणतात कांद्यावरच्या काळ्या डागातून येते, फ्रिजच्या रबरातून येते. आईने घरातले सगळे कांदे फेकले.

---

निवृत्त_फिजिशियन | २३ मे, सकाळी ८:३०

कांदे परत आणा. कांद्यावरची काळी बुरशी वेगळी. म्युकरचे बीजाणू हवेत, मातीत, सगळीकडे असतात, आपण रोज श्वासातून घेतो आणि काही होत नाही. त्याला रुजायला जागा लागते, आणि ती जागा चढी शुगर तयार करते. साखर जास्त, त्यात स्टेरॉइडने पांढऱ्या पेशी सुस्त केलेल्या. रक्त आम्ल झालं तर त्यातलं बांधलेलं लोह सुटतं आणि बुरशीला ते हवंच असतं. म्हणून कीटोनचा रुग्ण हा तिचा पहिला बळी. इथे सगळे बुरशीवरचं आम्फोटेरिसिन शोधत धावताहेत, त्यांचं दुःख खरं आहे. पण त्या इंजेक्शनच्या आधीची लढाई संध्याकाळच्या पाचच्या आकड्यावर होती, आणि ती घराघरांत हरली गेली.

ओळखायचं कसं: एका बाजूचं नाक बंद, त्यातून काळपट किंवा रक्ताळ स्राव, गालाचं एका बाजूचं दुखणं किंवा बधिरपणा, डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, वरचा दात अचानक हलणं, टाळूवर काळा डाग. कोविड बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनीही येऊ शकतं. शुगरचा रुग्ण आणि यातलं एकही लक्षण असेल तर त्याच दिवशी कान-नाक-घसावाल्यांकडे. वाफ घेत बसू नका.

दम लागणं हे प्रत्येक वेळी फुप्फुसाचंच नसतं, हेही लिहून ठेवतो. ऑक्सिजन ९६ आहे पण श्वास खोल आणि भरभर चाललाय, पोट दुखतंय, उलट्या होताहेत, माणूस गुंगीत आहे, तर कीटोन तपासा. लघवीच्या पट्टीवरही कळतं. हॉस्पिटल गाठा.

---

सुदामानगरची_सून | २६ मे, दुपारी १२:००

नवीनच प्रश्न. स्टेरॉइड कमी करत आणलं, परवा बंद झालं. आज पहाटे सासऱ्यांना दरदरून घाम, हात थरथरत होते. मीटरवर ५८. साखर दिली, बरं वाटलं. इन्सुलिन मात्र तेवढंच चालू होतं.

---

निवृत्त_फिजिशियन | २६ मे, दुपारी १२:२०

याच उलट्या धोक्याबद्दल लिहीन म्हटलं होतं आणि राहून गेलं होतं. स्टेरॉइडचा डोस ज्या दिवशी कमी होतो त्या दिवशी इन्सुलिनचं काय, हा प्रश्न त्याच फोनमध्ये विचारायचा. डिस्चार्जच्या कागदावर स्टेरॉइडचा उतरता तक्ता असतो, इन्सुलिनचा बहुतेक वेळा नसतो. आत्ता लगेच डॉक्टरांना कळवा, पुढचा डोस त्यांच्याशी बोलल्याशिवाय नको.

७० च्या खाली आलं की तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा द्या, मग काहीतरी खायला. चॉकलेट-पेढा नको, त्यातल्या फॅटमुळे साखर उशिरा चढते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका.

---

रामबाग_मेडिकल | २६ मे, दुपारी १:१०

एक जोड. सासरे वोग्लिबोज किंवा अकार्बोज असलेली गोळी घेत असतील तर साधी साखर लवकर लागू पडत नाही, कारण ती गोळी साखरेचं पचनच अडवते. त्यांच्यासाठी ग्लुकोज पावडर. दोन्ही प्रकारचे लोक असलेल्या घरात सरळ ग्लुकोजचाच डबा ठेवा.

---

सुदामानगरची_सून | ९ जून २०२५, संध्याकाळी ७:५०

धागा वर काढतेय. पुन्हा कुठे कुठे केसेस निघताहेत, आणि यंदा आमच्या आईची टेस्ट पॉझिटिव्ह आली. ताप, खोकला, ऑक्सिजन ९७, स्टेरॉइड दिलेलं नाही. (सासऱ्यांचं तेव्हा पावसाळ्यातच इन्सुलिन सुटलं, आता पुन्हा गोळ्यांवर आहेत.) आईला हृदयासाठी एम्पाग्लिफ्लोझिन आहे आणि शुगरही आहे. दोन दिवस जेवण जवळपास नाही. हृदयाची गोळी म्हणून ती थांबवायला घाबरतेय.

---

रामबाग_मेडिकल | ९ जून २०२५, रात्री ८:३०

ताई, हृदयासाठी दिलेली असली तरी गोळी तीच, "ग्लिफ्लोझिन"च. यंदा मार्चमध्ये तिचंही पेटंट संपलं, आता तीही घरोघरी पोचणार. डॉक्टरसाहेब बघतीलच.

---

निवृत्त_फिजिशियन | ९ जून २०२५, रात्री ९:१५

आज रात्रीच आईच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा आणि एवढंच सांगा: ताप आहे, दोन दिवस जेवण नाही, एम्पाग्लिफ्लोझिन चालू आहे. बहुतेक ते काही दिवस थांबवायला सांगतील आणि नीट खाणंपिणं सुरू होऊन एक-दोन दिवस झाले की पुन्हा सुरू करतील. थोडे दिवस थांबवून हृदयाचं सहसा काही बिघडत नाही. बाकी हृदयाच्या गोळ्या परस्पर सोडू नका. पाणी, ताक, पातळ वरण घोट घोट देत राहा. हृदयासाठी पाण्यावर मर्यादा असेल तर तीही फोनवर विचारा. उलटी झाली तर शुगर कितीही साधी असो, कीटोन बघा.

---

सुदामानगरची_सून | ९ जून २०२५, रात्री १०:०५

फोन झाला. गोळी थांबवली, पाणी दीड लिटरपर्यंत चालेल म्हणाले. कीटोनच्या पट्ट्या दादांच्या दुकानातून आणवल्या. आत्ता शुगर १६२, पट्टीवर काही नाही. अर्धी वाटी वरण गेलंय.